टेबलापर्यंत न पोचलेल्या मार्थाबाई

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी साडेअकरा. ख्रिस्ती दफनभूमी, पूर्व दिल्ली.

हजर: सॅम्युएल सोनवणे (धाकटे भाऊ, नगरहून आलेले), पाळकसाहेब, डॉ. गुंजन (मेडिकल कॉलेजातल्या अ‍ॅनाटॉमी विभागाच्या प्रमुख), रामनिवास (त्याच विभागातले निवृत्त अटेंडंट), काळेकाकू, घरकामाला येणारी सरोज, आमच्या सोसायटीतले नऊ जण, आणि मी, सोसायटीची सेक्रेटरी.

हजेरी घ्यायची मला सवय आहे. ऑफिसात मीटिंगचं इतिवृत्त माझ्याकडे असतं, सोसायटीतही माझ्याकडेच. त्या दिवशी पर्समधल्या डायरीत नावं लिहून झाली आणि लक्षात आलं, की इथे यायचं नाही असं लेखी, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी कळवलेली एकच व्यक्ती होती, आणि तिच्यासाठीच आम्ही जमलो होतो. दोन साक्षीदारांपैकी एक मी.

डॉ. मार्था सोनवणे पटपडगंजच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. मूळच्या नगरच्या. सगळी नोकरी दिल्लीतल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवण्यात गेली. लग्न केलं नाही. ‘वेळ नव्हता’ हे त्याचं कारण त्या अशा सुरात सांगत, जणू रेशनकार्डाचं नूतनीकरण राहून गेलं. सुती साडी, पायात पुरुषी स्पोर्ट्स शूज, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ. बेसिनपाशी कायम अर्ध्या लिंबांची वाटी. टेबलावर काम करताना हाताला लागलेला फॉर्मालिनचा वास लिंबाने जातो, म्हणून कित्येक वर्षं त्या लिंबाने हात धुवायच्या. निवृत्तीनंतर वास राहिला नाही, लिंबं राहिली.

सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारताना त्या माणसांकडे मागून बघत. चेहऱ्यांपेक्षा चाली त्यांच्या जास्त लक्षात राहत. मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा नमस्कार नाही, ओळख नाही. मागून आवाज आला, "अहो, डाव्या पायाला कधीपासून वाचवताय?" मी म्हटलं, मला काही त्रास नाही. "तुम्हाला नसेल. गुडघ्याला आहे. एक्स-रे काढा." एक्स-रे काढला. गुडघ्याला होता.

कोणी काहीही सांगायला लागलं, की त्या हात वर करून थांबवत आणि विचारत, "बघितलंत, ऐकलंत, की ठरवलंत?" वरच्या मजल्यावरचे लोक पाण्याची मोटर मुद्दाम चालू ठेवतात, दूधवाला पाणी घालतो, अमक्याच्या सुनेचं तमक्याशी पटत नाही, सगळ्याला हाच प्रश्न. निम्म्या गप्पा तिथेच संपत. सोसायटीच्या बायका म्हणत, "यार, इनसे बात करो तो लगता है वायवा चल रहा है." मला मात्र त्या आवडल्या. इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईला असं माणूस आवडणारच.

एका संध्याकाळी त्या माझ्याकडे एक फॉर्म घेऊन आल्या. "सेक्रेटरी, सही हवी. साक्षीदार म्हणून. मृत्यूनंतर मी माझ्याच विभागात जाणार आहे."

मी फॉर्म पूर्ण वाचला. मी न वाचता सही करत नाही. मग विचारलं, "तिथे नेमकं काय करतात?"

"विचारलंत हे बरं केलंत. लोक देहदान महान आहे म्हणतात आणि पुढचं ऐकत नाहीत." त्या खुर्चीत नीट बसल्या. "आधी मांडीतल्या धमनीतून औषधी पाणी भरतात. सगळ्या शरीरात पोचायला काही तास लागतात. मग वाट बघायची, काही महिने. ते पाणी मुरावं लागतं, लोणच्यासारखं. मग टेबल. एका टेबलाशी आठ-दहा मुलं, वर्षभर. आधी हात, मग पाय, छाती, पोट, शेवटी डोकं. चेहरा झाकलेला. वर्ष संपलं, की जे उरेल ते गोळा करून त्याचे रीतसर अंत्यसंस्कार. काही हाडं शिकवायला ठेवतात. झालं."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. माझ्यात चरबी जास्त आहे. मुलांना नसा शोधायला त्रास होणार. म्हणून तर फेऱ्या मारते."

मी सही केली.

विभागातल्या त्यांच्या गोष्टी मला रामनिवासनी सांगितल्या. ते दर दिवाळीला मिठाई घेऊन यायचे आणि मार्थाबाई त्यांना स्वतःच्या हातचं थालीपीठ खायला घालायच्या. मार्थाबाईंची विभागात एक शिस्त होती. जेवणाच्या सुट्टीआधी प्रत्येक टेबलावरचं शरीर ओल्या कापडाने नीट झाकलं गेलं पाहिजे. ते झाकल्याशिवाय कोणी डबा उघडायचा नाही, त्या स्वतःही नाही. एकदा एका मुलाने आपला अ‍ॅप्रन टेबलावरच्या माणसाच्या वर उचललेल्या हातावर अडकवला, खुंटीवर अडकवावा तसा. मुलं हसली. मार्थाबाई टेबलापाशी आल्या. त्यांनी अ‍ॅप्रन काढला, त्या मुलाला समोर बोलावलं, हात आडवा धरायला सांगितला आणि त्यावर अडकवला. मग पूर्ण तास शिकवलं. दहाव्या मिनिटाला त्याचा हात थरथरायला लागला. "कौनसी मसल थक रही है, बेटा?" त्याने नाव सांगितलं. "और कौनसी?" दुसरं सांगितलं. तास संपल्यावर त्या म्हणाल्या, "वो आदमी तीन महीने से हाथ उठाए लेटा है, तुम्हारे लिए. उसने शिकायत नहीं की."

तो मुलगा आता पानिपतला सर्जन आहे. दर थंडीत त्याच्याकडून एक ब्लँकेट यायचं, आणि दर थंडीत ते आमच्या गेटवरच्या चौकीदाराच्या अंगावर दिसायचं.

काळेकाकूंची गोष्ट मी स्वतः बघितलेली आहे. दुसऱ्या मजल्यावरचे काळेकाका केंद्र सरकारातून निवृत्त झालेले, मार्थाबाईंचं ऐकून त्यांनी देहदानाचा फॉर्म भरला होता. ते गेले, विभागाची गाडी आली, त्यांना घेऊन गेली. काकू तेव्हा धीराने वागल्या. पण दहाव्या दिवसापासून त्या बिथरल्या. अस्थी नाहीत, विसर्जन नाही, करायचं काय? मुलगा बंगळुरूहून फोनवर म्हणायचा, "आई, प्रॅक्टिकल हो." काकू रोज संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसायच्या. काही महिने असेच गेल्यावर, एकदा मी तिथे असताना त्यांनी विचारलं, "डॉक्टरबाई, मला यांना एकदा बघता येईल का हो?"

"नाही."

"लांबून?"

"काकू, लांबूनही नाही. आणि तुम्हाला बघायचंही नाहीये. तुम्हाला फक्त ते कुठे आहेत ते माहीत हवंय. ते माझ्या विभागात आहेत. झाकलेले आहेत. उद्या सोमवार, उद्या मुली त्यांचं हृदय शिकणार आहेत."

काकू रडल्या. मला तो कठोरपणा वाटला. पण त्या रात्री काकू नीट झोपल्या, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं.

वर्षभराने मार्थाबाईंनी काकूंना निरोप दिला: "उद्या सकाळी सात वाजता निगमबोध घाटावर फिरायला जा. मी काही सांगितलेलं नाही." काकूंना मी यमुनेकाठच्या त्या स्मशानात घेऊन गेले. घाटावर विभागाची गाडी उभी होती, रामनिवास होते, आणि साडीवर जाड कोट घातलेल्या मार्थाबाई. वर्षाअखेरीला विभागातले अवशेष अग्नीला द्यायचे, त्या दिवशी त्या न चुकता जात; निवृत्त झाल्यावरही. पांढऱ्या कापडात बांधलेली पाच-सहा गाठोडी होती. भटजी मंत्र म्हणत होते आणि या ख्रिस्ती बाई मान खाली घालून उभ्या.

काकू हळूच म्हणाल्या, "यातले आमचे कुठले?"

"ते मला सांगता येत नाही. सगळ्यांना नमस्कार करा, एक बरोबर निघेल."

काकूंना हसू आलं. घाटावर, तिथल्या तिथे. मग त्यांनी प्रत्येक गाठोड्याला वेगळा नमस्कार केला, शांतपणे, घाई न करता.

एक माणूस मात्र मार्थाबाईंना पटवता आलं नाही: त्यांचा भाऊ. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची संमती लागते आणि त्यांना सॅम्युएलशिवाय कोणी नव्हतं. नगरला आईवडिलांच्या शेजारी कबरीची जागा राखलेली होती. फोनवरचं भांडण मी दोनदा ऐकलं, कारण त्या स्पीकर लावूनच बोलत.

"ताई, पप्पांना काय उत्तर देऊ मी?"

"पप्पांना मी देईन. मी आधी भेटणार आहे त्यांना."

"आणि पुनरुत्थानाच्या दिवशी? तुकडे करून घेतलेल्या देहाने उभी राहणार तू?"

"सॅमी, देवाला हाडं जोडता येत नसतील, तर तो माझ्या विषयात नापास आहे. मी त्याला पुन्हा बसवीन परीक्षेला."

"देवाची थट्टा करू नकोस गं."

"मी तुझी करते आहे. तो समजून घेईल."

शेवटी सॅम्युएल दिल्लीला आले. आम्ही तिघं कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या सदनात मराठी जेवण जेवायला गेलो, तिथे टेबलावरच त्यांनी सही केली. पेन खाली ठेवून म्हणाले, "सही करतो आहे. मनापासून नाही." मार्थाबाई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "फॉर्ममध्ये मनाचा रकाना नाही." मग त्यांनी स्वतःच्या ताटातलं पिठलं भावाच्या ताटात वाढलं. त्यांच्याकडून प्रेमाची एवढीच खूण मी पाहिली आहे.

तिथेच त्यांनी मला एक काम दिलं. "सेक्रेटरी, तुम्ही याद्या छान करता. माझ्या शेवटची करा." मी केली. मराठीत, मोठ्या टायपात, लॅमिनेट करून. त्यांच्या फ्रीजवर ती चुंबकाने लावलेली असे:

१. श्वास चालू आहे का बघा. चालू असेल तर अँब्युलन्स.
२. नसेल तर आपल्या फॅमिली डॉक्टरांना घरी बोलवा. त्यांच्याकडे माझ्या हृदयाची फाइल आहे. सर्टिफिकेट तेच देतील.
३. विभागाला फोन.
४. सॅमीला फोन.
५. मला हॉस्पिटलात हलवू नका.

पाचव्या मुद्द्यावर त्यांचा जोर होता. मी विचारलं, का? म्हणाल्या, "हॉस्पिटलात गेलेल्याला हॉस्पिटल प्रश्न विचारतं. शंका आली की पोलीस, पोलीस आले की पोस्टमॉर्टेम. पोस्टमॉर्टेम झालेलं शरीर विभाग घेत नाही. रक्तवाहिन्या कापल्या गेल्या की औषधी पाणी भरणार कुठून? हा नियम मीच लिहून घेतला होता, विभागप्रमुख असताना." आणि मग, "कोणालाही अपवाद नाही."

त्यांना शेवटचं धडधाकट बघितलं ते बुधवारी दुपारी. बागेत उन्हात बसून किन्नू, इकडचं ते संत्रं, सोलत होत्या. साल एका सलग पट्टीत काढायची त्यांची पद्धत होती. शेजारच्या मेहताआंटींना त्या सांगत होत्या, की गुडघा बदलायला घाबरू नका, आतलं यंत्र साधं आहे. मी घाईत होते. ऑफिसच्या एका फाइलसाठी फोन चालू होता. त्यांनी सोललेलं अर्धं किन्नू माझ्यापुढे धरलं, मी हातानेच नको म्हटलं. त्यांनी खांदे उडवले आणि स्वतः खाल्लं.

गुरुवारी सकाळी सव्वाआठला सरोज धावत माझ्याकडे आली. "दीदी, मॅडम गिरी पड़ी हैं." मार्थाबाई स्वयंपाकघराच्या दारात आडव्या होत्या. कपाळावर खोक, थोडं रक्त. शेजारी लाकडी स्टूल उलटं पडलेलं. वरच्या फळीवरचे डबे काढायला त्या ते वापरत.

मी श्वास बघितला. कळेना. मानेवर बोटं ठेवली. धडधड लागली. आज मला माहीत आहे, की ती माझ्याच बोटांतली होती. तेव्हा मला ती त्यांची वाटली. फ्रीज माझ्या समोर होता, हातभर अंतरावर, त्यावर माझीच यादी. मी ती वाचली नाही. चौकीदाराला हाक मारली, त्यांना उचलून माझ्या गाडीत घातलं आणि जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने तपासून सांगितलं, त्या केव्हाच गेल्या आहेत. मग त्याने रजिस्टर ओढलं आणि विचारलं, "क्या हुआ था?"

मी म्हटलं, "स्टूल से गिर गईं. सिर में चोट लगी."

त्याने तेच लिहिलं. मी खाली सही केली, वेळ घातली. घरात पडून मृत्यू, डोक्याला मार. त्याला पोलिसांना कळवणं भागच होतं. कॉन्स्टेबल आला, कागद झाले. शुक्रवारी पोस्टमॉर्टेम झालं.

डॉ. गुंजनना मी गुरुवारीच फोन केला होता. त्या मार्थाबाईंच्या विद्यार्थिनी, रडत होत्या. "आंटी, मैं क्या करूँ? पोस्टमॉर्टेम के बाद हम नहीं ले सकते. यह लाइन मॅम की लिखी हुई है." थोड्या वेळाने पुन्हा त्यांचाच फोन. "मैंने सबसे पूछ लिया. नहीं हो सकता." मार्थाबाई असत्या तर त्यांनी पहिल्याच फोनवर विषय संपवला असता.

सॅम्युएल शुक्रवारी संध्याकाळी आले. नगरपर्यंत नेणं आता त्यांनाच नको झालं होतं. "ताईने दिल्ली निवडली होती. दिल्लीतच राहू दे." म्हणून रविवारी पूर्व दिल्लीतली ती दफनभूमी. पाळकसाहेबांनी वचन वाचलं. माती टाकताना काळेकाकू पदर तोंडाला धरून उभ्या होत्या. रामनिवास परत जाताना मला म्हणाले, "मॅडम की टेबल खिड़की वाली तय थी. उन्होंने खुद बताई थी, रोशनी अच्छी आती है वहाँ." 

दुपारी सगळे मार्थाबाईंच्या घरी चहाला थांबले होते. मी कप गोळा करत होते. सॅम्युएल बाल्कनीत एकटे होते, मला त्यांनी बोलावलं.

"वहिनी, एक सांगू का? कोणाला सांगितलेलं नाही."

"सांगा ना."

"ज्या दिवशी सही केली, त्या रात्री गुडघ्यांवर बसून मी प्रार्थना केली, की प्रभू, हे होऊ देऊ नकोस. माझी बहीण अख्खी मातीला मिळू दे. रोज केली. चार वर्षं." त्यांचे हात बाल्कनीच्या कठड्यावर होते, मोठे, बहिणीसारखेच. "ऐकलं त्याने. आता मला तोंड नाही. तिने एकच गोष्ट मागितली होती आयुष्यात, ती मी देवाकडे जाऊन काढून घेतली. गुरुवारपासून प्रार्थनेला बसलो की शब्द येत नाहीत."

यादी न वाचता ताईंना हॉस्पिटलात मी नेलं, हे त्यांना सांगायची ती वेळ होती. माझ्या हातात सहा कप होते. मी म्हटलं, "असं नसतं हो." आणि आत आले.

सोमवारी मी सरोजबरोबर मार्थाबाईंचं घर आवरायला गेले. सरोजने ते स्टूल उचलून भिंतीला लावलं आणि म्हणाली, "यह तो मुझसे ही गिरा था दीदी. दरवाज़ा खोला, मॅडम को देखा, मैं घबरा के भागी, पैर लग गया."

मी तिला दोनदा विचारलं. दोनदा तिने तेच सांगितलं. स्टूल आधी उभं होतं.

नंतर डॉ. गुंजननी चौकशी करून कळवलं, की मृत्यू हृदय बंद पडून झाला. कपाळाची जखम वरवरची, पडताना लागलेली. त्या स्टुलावर चढल्याच नव्हत्या. मी बघितलं नव्हतं, ऐकलं नव्हतं, ठरवलं होतं, आणि सरकारी रजिस्टरात सहीनिशी लिहून दिलं होतं. डॉ. गुंजन म्हणतात, "आंटी, जखम देखके वो वैसे भी पुलिस को बुलाता." असेल. किंवा मी ‘माहीत नाही’ म्हटलं असतं, हृदयाच्या फाइलचं सांगितलं असतं, फॅमिली डॉक्टरांना तिथे बोलावलं असतं, तर कदाचित नसतं बोलावलं. मुळात मी त्यांना घराबाहेरच काढायला नको होतं. हे मी अनेक क्रमांनी लिहून बघितलं आहे.

आवराआवरीची यादी माझ्या डायरीत आहे. पेन्शन ऑफिसला पत्र: झालं. देहदानाचं नोंदणी कार्ड विभागाला परत: झालं. पुस्तकं विभागाच्या लायब्ररीला: झालं. साड्या सरोजला: झालं. गॅसचं कनेक्शन बंद: झालं. वडिलांचं घड्याळ कुरियरने सॅम्युएलना: झालं, पोचही आली. पोच देताना त्यांनी लिहिलं होतं, ‘अजून चर्चला गेलो नाही. तुमची ख्यालीखुशाली कळवा.’

त्याखाली सातवा मुद्दा आहे. नगरला फोन. त्यांना सांगणे, की प्रार्थनेचा काही संबंध नव्हता, स्टुलाचं वाक्य माझं होतं. मी रोज सकाळी डायरी उघडते, तो मुद्दा पुढच्या दिवसाच्या पानावर उतरवते. आजही उतरवला आहे.